सात बहिणी आणि एक मावशी

गोव्यात देवीसुद्धा एकटी नसते, तिला गणगोत असतं. डिचोली तालुक्यातल्या मये गावची महामाया ही लोकपरंपरेत सात बहिणींपैकी एक. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई आणि पेडण्यातल्या मोरजीची मोरजाई या तिच्या सख्ख्या बहिणी. म्हापशाची मिराबाई हीसुद्धा त्यांच्यातलीच. तिलाच लोक म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण मानतात. लईराई आणि तिच्यात मोगरीची फुलं आणि तेल यांची देवाणघेवाण होते, असं अजूनही सांगितलं जातं. धर्म बदलला तरी बहीण परकी होत नाही, हे गोव्याच्या सामान्य माणसाने कुठलाही ग्रंथ न उघडता ठरवून टाकलं.

शब्दांचंही असंच असतं. मोरजाईच्या गावात हल्ली रशियन पाहुण्यांची इतकी वर्दळ असते की दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत दिसतात. या पाहुण्यांच्या भाषेत बहिणीला म्हणतात ‘सेस्त्रा’. संस्कृतातला ‘स्वसृ’ तो हाच. मराठीने ‘भगिनी’वरून ‘बहीण’ घेतली आणि स्वसृ मागे पडली. पण ती पुरती गेली नाही. आईची बहीण म्हणजे ‘मातृष्वसृ’. प्राकृतात तिची ‘माउस्सिआ’ झाली आणि मराठीत ‘मावशी’. मावशीतला तो ‘शी’ हा त्या जुन्या स्वसृचा उरलेला अंश. मोरजीच्या किनाऱ्यावरची सेस्त्रा आणि मयेच्या घरातली मावशी या एकाच कुळातल्या.

हे साम्य पहिल्यांदा ज्यांच्या कानांना जाणवलं, त्यांपैकी एकजण गोव्यातच राहत होता. ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1583 साली गोव्याहून आपल्या भावाला पत्र लिहिलं. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असं त्यांनी त्यात नोंदवलं. विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं हे मांडलं ते 1786 मध्ये, म्हणजे तब्बल 203 वर्षांनी. स्टीफन्स यांचं पत्र विसाव्या शतकापर्यंत छापलं गेलं नाही, म्हणून भाषाशास्त्राच्या इतिहासात मान जोन्स यांना मिळाला. भाषांमधलं भाऊबंदपण एका भावाने दुसऱ्या भावाला कळवलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

संस्कृत, रशियन आणि ग्रीक या तीन भाषांतले नात्यांचे शब्द शेजारी ठेवले की एक गोष्ट ठळक दिसते. आई, वडील, भाऊ यांच्या शब्दांबरोबर सासरचे शब्दही भराभर जुळतात. आपली ‘सून’ म्हणजे संस्कृत ‘स्नुषा’, रशियन ‘स्नोखा’, प्राचीन ग्रीक ‘नुओस’. ‘दीर’ म्हणजे ‘देवृ’, रशियन ‘देवेर’, ग्रीक ‘दाएर’. कोकणीत तर तो ‘देर’च आहे, मूळ रूपाच्या आणखी जवळ. ‘सासू’ म्हणजे ‘श्वश्रू’, रशियन ‘स्वेक्रोव’, ग्रीक ‘हेकुरा’. आणि ‘जाऊ’! हा शब्द ‘यातृ’वरून आला. ग्रीकमध्ये त्याचं भावंड होमरच्या काव्यात सापडतं, आणि रशियनमध्ये ‘यात्रोव’ हा शब्द होता, आता तो वापरातून गेला आहे.

दीर, जाऊ, सासू. हे शब्द कुणाच्या तोंडचे आहेत? लग्न करून नवऱ्याच्या घरी आलेल्या मुलीच्या. बेर्टोल्ड डेलब्रुक या जर्मन अभ्यासकाने 1889 मध्ये या भाषाकुळातल्या नातेवाचक शब्दांवर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून या गोष्टीची चर्चा चालू आहे. बायकोच्या माहेरच्यांसाठी इतके जुने, सगळीकडे जुळणारे शब्द मिळत नाहीत. परक्या घरात पाऊल टाकणाऱ्या मुलीला समोरच्या प्रत्येक माणसाला काहीतरी नाव द्यावं लागलं, आणि तीच नावं टिकली.

होमरच्या ‘इलियड’मध्ये ही नाती कशी वावरतात ते बघण्यासारखं आहे. हेक्टर मारला गेल्याचं समजताच त्याची बायको आंद्रोमाखी बेशुद्ध पडते. तेव्हा तिला सावरायला भोवती उभ्या राहतात तिच्या नणंदा आणि जावा. काव्याच्या अखेरीस हेलन हेक्टरसाठी विलाप करते, ती त्याला सगळ्या दिरांमध्ये लाडका म्हणते. ज्या घरात इतर माणसं तिला बोल लावत होती, तिथे हा एक दीर तिच्याशी मायेने वागला होता. आपल्या जात्यावरच्या ओव्या जिने ऐकल्या आहेत, तिला हेलनचं हे दुःख वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

भावाच्या बाबतीत ग्रीकांनी वेगळी वाट धरली. ‘भ्रातृ’चं भावंड ‘फ्रातेर’ त्यांनी गोत्राच्या संघातल्या सभासदासाठी राखलं. घरातल्या भावासाठी शब्द केला ‘आदेल्फोस’, म्हणजे एकाच उदरातला. आपला ‘सहोदर’ अर्थाने हुबेहूब तोच आहे.

जिव्हाळ्याच्या शब्दांच्या मुळाशी गेलं की बहुतेकदा ‘स्वतःचा’ हाच अर्थ हाती लागतो. रशियन ‘स्वोय’ म्हणजे आपला, आणि तो आपल्या ‘स्व’चाच सगा. ‘रोद्नोय’ म्हणजे जन्माच्या नात्याचा, पण रशियन माणूस अत्यंत प्रिय माणसालाही तेच म्हणतो. ग्रीक ‘फिलोस’ म्हणजे प्रिय, मित्र. होमर मात्र तो शब्द स्वतःच्या हातापायांना आणि काळजालाही लावतो. मराठीतला ‘आपला’ हा ‘आत्मन्’वरून आला आणि त्यातूनच ‘आपुलकी’ झाली. मराठी माणूस दुसऱ्याला ‘आपला’ म्हणतो तेव्हा आत्म्यासाठीचा शब्दच त्याला देऊन टाकतो.

‘माया’ या शब्दात तर मराठीने कमाल केली. संस्कृतात माया म्हणजे भुलवणारी शक्ती, भ्रम. वेदान्ताने तिच्यापासून सावध राहायला सांगितलं. मराठी घरांनी तोच शब्द उचलला आणि लेकराला लावला. माया लावायची असते, माया पातळ होऊ द्यायची नसते. मयेच्या महामायेपुढे हात जोडणारी बाई तत्त्वज्ञानातली माया मनात आणत नसते. तिला आईची माया हवी असते.

आज आपण हे शब्द सहज टाकून देतो आहोत. ‘सिस्टर-इन-लॉ’ म्हटलं की नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी या चौघी एकाच पाटावर बसतात आणि कुणाचं नातं कळत नाही. ‘आंटी’ म्हटलं की मावशी गेली, आत्या गेली, काकू गेली, मामी गेली. रशियन भाषेतून जावेचा शब्द गेला तो असाच, बोलणारे थांबले म्हणून. तेव्हा घरात पाहुणे येतील त्या वेळी मुलांना त्यांचं नातं मराठीत सांगा: ही तुझी मावशी, हे आईचे दीर, ही धाकटी जाऊ. हे शब्द वापरले तरच टिकतील.