घाटाखालचा संथपणा : सौंसर आणि पांढुर्णा

सौंसर-पांढुर्ण्यात बाहेरून आलेला पाहुणा दोन दिवस राहिला की एक शेरा हमखास मारतो, "फार निवांत आहे हो तुमच्याकडं!" दुपारी अर्धवट ओढलेली शटरं, ओट्यावर बसलेली माणसं, पत्ता विचारला तर आधी "कोणाकडचे?" असा उलट प्रश्न. हे सगळं खरं आहे आणि आपल्याला ते आवडतंही. पण निवांतपणा हा इथल्या मातीचाच गुण आहे, असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. माझा पेशा इंजिनीअरचा. एखादी गोष्ट हळू चालत असली की घर्षण कुठं आहे, हे आधी शोधायची सवय लागलेली.

सुरुवात नकाशापासून करू. छिंदवाडा शहर समुद्रसपाटीपासून पावणेसातशे मीटरच्या आसपास, नागपूर तीनशे दहाच्या आसपास. मधे सातपुड्याची उतरंड. सिल्लेवानीचा घाट उतरून खाली आलं की हवा बदलते, जमीन काळी होते आणि बोली मराठी होते. हाच घाटाखालचा पट्टा: सौंसर, मोहगाव, लोधीखेडा, रामाकोना, पांढुर्णा. इथलं पाणी जाम आणि कन्हान या नद्यांतून नागपूरकडेच वाहत जातं. बाजार नागपूरचा, सोयरिकी काटोल-सावनेर-वरुडच्या, "होऊन राह्यलं", "जाऊन राह्यलो" ही बोलण्याची ढबही तिकडचीच.

कचेरी मात्र घाटावर. मुळात हा सारा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा. त्यांच्यातल्याच बख्त बुलंद शाहानं नागपूर वसवलं. पुढं भोसल्यांचं राज्य आलं. 1853 नंतर ते इंग्रजांनी खालसा केलं आणि 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला. या नव्या व्यवस्थेत घाटाखालची सौंसर तहसील घाटावरच्या छिंदवाडा जिल्ह्याला जोडली गेली, आणि तो जिल्हा गेला नर्मदा विभागात, होशंगाबाद-नरसिंहपूरच्या पंगतीत. त्या काळी आजचा पांढुर्णा तालुकाही सौंसर तहसिलीतच होता. म्हणजे नागपूर जवळचं, पण आपला साहेब डोंगराच्या वर. प्रांताची राजधानी नागपुरातच होती, तोवर याची झळ फारशी बसली नाही. कोर्ट, कॉलेज, दवाखाना, सगळ्यासाठी माणूस खालीच उतरायचा.

झळ बसली 1956 मध्ये. राज्यांची पुनर्रचना करताना सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला गेला. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे आठ जिल्हे 1 नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा अख्खा जिल्हा म्हणून मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर घाटाखालचा मराठी पट्टाही राहिला. सौंसरहून नागपूर सत्तर किलोमीटरच्या आत. आता राजधानी झाली भोपाळ, तीनशे किलोमीटरांहून दूर, आणि हायकोर्ट जबलपूरला. शंभर वर्षांपूर्वी कुणा साहेबानं सोयीनं आखलेल्या जिल्ह्याच्या रेघेचा हा परिणाम. माझ्या मते इथल्या संथपणाचं पहिलं घर्षण तेच. अर्ज घाट चढून जाणार, मग भोपाळला जाणार, आणि परत येईपर्यंत माणसानं करायचं काय? ओट्यावर बसायचं.

दुसरं घर्षण रुळांचं. छिंदवाडा-नागपूर ही 'छोटी लाइन' बंगाल नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाकली. दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. घाटात अरुंद रुळाला तीव्र वळणं चालतात, भराव आणि पूल लहान पुरतात, खर्च वाचतो. हिशोब चुकीचा नव्हता. पण नागपूरच्या मोठ्या लाइनला याचे रूळ जुळत नसल्यानं पुढं पाठवायचा माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. गाडीचा सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेरच. इतवारीहून निघालेली गाडी सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत भीमालगोंदीचा घाट चढायची. दुधाचे कॅन, भाजीच्या टोपल्या, लग्नाची वऱ्हाडं. डब्यात बसलेल्या अनोळखी माणसांची नाती सौंसर येईपर्यंत निघायचीच. वेळच तेवढा असायचा! 2015 च्या अखेरीस ही गाडी थांबली. आता तिथं मोठी लाइन आहे, घाटाचा तुकडा सगळ्यात शेवटी पुरा झाला. छोटी इंजिनं पाहायची तर नागपूरला मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयात जावं.

मग कुणी म्हणेल, पांढुर्ण्याला तर मोठी लाइन शंभर वर्षं आहे, तिथं घाई का नाही आली? प्रश्न बरोबर आहे. इटारसी-नागपूर मार्ग 1920 च्या दशकात पुरा झाला आणि दिल्ली-मद्रासची सगळी वर्दळ पांढुर्ण्यावरून जाऊ लागली. जाऊ लागली, थांबू लागली असं नाही. गाव गाड्यांच्या आवाजावर घड्याळ लावायला शिकलं, एवढंच.

तिसरं कारण शेतीचं, आणि त्याला मी घर्षण म्हणणार नाही. हा संत्र्याचा पट्टा. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधला की चार-पाच वर्षं फळाचं नाव नाही. पुढं बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडून पानगळ होईस्तोवर थांबायचं. आंबिया धरायचा की मृग, हा निर्णय चुकला तर वर्ष गेलं. असं पीक घेणारा माणूस उतावीळ राहून चालत नाही. पाहुण्याला जो आळस दिसतो, त्यातला बराचसा हा ताण आहे, झाडाचाही आणि माणसाचाही.

आणि पोळ्याचा दुसरा दिवस? त्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात आणि एका काठानं पांढुर्णा, दुसऱ्या काठानं सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनानं एकदा गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी पुन्हा गोटेच उचलले. गोटमारीचं कौतुक मला करवत नाही. पण ज्यांना पांढुर्णा म्हणजे फक्त सुशेगात गाव वाटतं, त्यांनी तो दिवस हिशोबात धरावा.

5 ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे आणि सौंसर त्यात आहे. मध्य प्रांत झाल्यापासून घाटाखालच्या या पट्ट्याला आपल्या पायथ्याशी जिल्हा कचेरी पहिल्यांदाच मिळाली. अर्ज आता घाट चढणार नाही, ही मोठीच गोष्ट. पण अभ्यासकाच्या नजरेनं एक काळजी आहे. जिल्हा फुटला की कागद फुटतात. काही दप्तर वर राहतं, काही खाली येतं, काही वाटेत गहाळ होतं. त्यातून घाटाखालच्या घरांमधले जुने कागद मोडीतले, ते वाचणारे म्हातारे कमी होत चालले आणि नातवंडांची शाळा हिंदीत. त्यामुळं आपल्या मंडळाच्या वाचकांना विनंती, घरात खरेदीखतं, वहीखाती, कुळांच्या नोंदी, छोट्या लाइनच्या बिल्ट्या असतील तर रद्दीत घालण्याआधी त्यांचे फोटो तरी काढून ठेवा. मागच्या बाजूलाही काढा. तारीख आणि गावाचं नाव पुष्कळदा तिथंच असतं.