मंद डोळा आणि प्रकाशाचें माप

पहिलीच्या वर्गांत फळ्यावरील अक्षर वाचावयास सांगितलें, तर बहुतेक मुलें तें सहज वाचून दाखवितात. त्यांतील एखाद्याचा एक डोळा तळहातानें झांकून तेंच अक्षर पुन्हा विचारावें, आणि मुलानें गोंधळून गप्प बसावें, असा प्रकार नगर जिल्ह्यांतील शाळांतून, किंबहुना कोठल्याहि शाळेंत, घडूं शकतो. दोन डोळ्यांचें काम एकच डोळा निमूटपणें करीत असल्यामुळें घरांत कोणाला संशय येत नाहीं. खुद्द मुलालाहि येत नाहीं. कारण दोन्ही डोळ्यांनीं सारखें दिसणें म्हणजे काय, हें त्यानें कधीं अनुभविलेलेंच नसतें. डोळा तिरळा असेल तर निदान लक्ष तरी जातें. परंतु तिरळेपणा कांहीं घरांतून भाग्याचें लक्षण समजला जातो आणि शाळेंत तो चेष्टेचा विषय होतो. दोन्ही ठिकाणीं औषधाचा विचार मागेंच पडतो. या विकाराला हल्लीं 'आळशी डोळा' असें म्हणतात. हें नांव त्या बिचाऱ्या डोळ्यावर अन्याय करणारें आहे, आणि हा अन्याय मापानें सिद्ध व्हावयास पाश्चात्य वैद्यकाला दोनशें वर्षें लागलीं.

तिरळेपणावरील उपचार त्याहून कितीतरी जुने. सातव्या शतकांतील पॉल नांवाच्या ग्रीक वैद्यानें तिरळ्या मुलांच्या तोंडावर भोकें पाडलेला मुखवटा बांधण्यास सांगितलें होतें. १५८३ सालीं जर्मनींत गेओर्ग बार्टिश यानें आपल्या नेत्रवैद्यकाच्या ग्रंथांत अशा मुखवट्यांचीं चित्रें छापलीं. खरा मार्ग मात्र सुचला तो एका सृष्टिशास्त्रज्ञाला. फ्रान्समधील ब्यूफाँ यानें १७४३ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, दोन डोळ्यांच्या शक्तींत तफावत असल्यामुळें डोळा तिरळा होतो, आणि म्हणून चांगला डोळा कांहीं काळ झांकून ठेवून दुर्बळ डोळ्याला कामास लावावें. आजहि उपचाराचा गाभा हाच आहे. त्यामागील कारण मात्र ब्यूफाँला ठाऊक असणें शक्य नव्हतें.

१८५१ सालीं हेल्महोल्ट्झ यानें डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र काढलें, तेव्हां या कोड्याचा उलगडा आतां होणार असें वाटलें असेल. घडलें उलटेंच. मंद डोळ्याच्या आंत दृष्टिपटल स्वच्छ, रक्तवाहिन्या नीट, दोष म्हणून कांहीं दिसेना. या विकारांत रोग्यालाहि कांहीं दिसत नाहीं आणि वैद्यालाहि कांहीं दिसत नाहीं, असा विनोद जर्मन वैद्यांत रूढ झाला. पुढें १८६२ सालीं हॉलंडांतील स्नेलेन यानें अक्षरांचा तक्ता तयार केला आणि दृष्टीच्या तीक्ष्णतेला आंकडा मिळाला. परंतु हा तक्ता अक्षरें ओळखण्याची शक्ति मोजतो, दृष्टिपटलाची नव्हे. अक्षरओळख नसलेल्या बालकांसाठीं लंडनच्या क्लॉड वर्थ यानें लहानमोठ्या हस्तिदंती गोळ्या जमिनीवर टाकून त्या मुलाला वेंचावयास लावण्याची युक्ति वापरली. त्याचा तिरळेपणावरील ग्रंथ १९०३ चा. अध्यापनाच्या दृष्टीनें पाहतां ही गोळ्यांची परीक्षा कोणत्याहि तक्त्याहून सरस म्हटली पाहिजे. मुलाला आपली परीक्षा चालली आहे याची गंधवार्ताहि नसते.

मुख्य वाद मात्र तसाच राहिला. एक पक्ष म्हणे, मंद डोळ्याचें दृष्टिपटल जन्मतःच अधू असतें आणि म्हणूनच तो डोळा वळतो. दुसरा पक्ष म्हणे, डोळा वळल्यामुळें त्याचा वापर सुटतो आणि वापर सुटल्यामुळें तो मंदावतो. हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. पहिला पक्ष खरा असेल, तर पांच वर्षांच्या मुलाचा चांगला डोळा महिनेन्‌महिने बांधून ठेवणें हा निव्वळ छळ ठरतो.

याचा निवाडा करावयाचा तर दृष्टिपटलाला प्रकाशाची जाणीव किती आहे, हेंच मोजावयास हवें होतें. अशा मापनाची रीत समजण्यास अवघड नाहीं. उन्हांतून सिनेमागृहांत शिरलेल्या माणसाला प्रथम खुर्चीहि दिसत नाहीं, मग हळूहळू दिसूं लागते. अंधाराला सरावलेलें दृष्टिपटल दिवसापेक्षां हजारोंपटींनीं संवेदनक्षम होतें. परीक्षा देणाऱ्याला अर्ध्याएक तासापर्यंत काळोखांत बसवितात, एक डोळा झांकतात, आणि दुसऱ्यापुढें क्षणभर एक बारीक ठिपका उजळवितात. उजेड कमी कमी करीत, जेमतेम दिसेल अशा मर्यादेपर्यंत नेतात. तीच त्या जागेची किमान प्रकाशमर्यादा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत वैमानिकांच्या व पहारेकऱ्यांच्या रात्रीच्या दृष्टीमुळें या मापनाला विशेष महत्त्व आलें होतें. १९४४ सालीं अमेरिकेंत हार्वर्डचे जॉर्ज वॉल्ड आणि डार्टमथचे हर्मन बुरियन यांनीं तिरळेपणामुळें मंदावलेल्या डोळ्यांवर तें लागू केलें. (त्याच वर्षीं एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत नगरच्या किल्ल्यांत स्थानबद्ध असलेले पंडित नेहरू आपला 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहीत होते.) निष्कर्ष स्पष्ट निघाला. मंद डोळ्याला प्रकाश निरोगी डोळ्याइतकाच जाणवत होता, कडेलाहि आणि मध्यभागींहि. आकार ओळखण्याची शक्ति तेवढी हरपली होती. नगरकडील शेतकऱ्याला सांगावयाचें तर, विहिरीला पाणी भरपूर होतें. शेतापर्यंत जाणारा पाट बुजला होता.

तो पाट कोठें बुजतो हें पुढें हार्वर्डमध्येंच डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनीं १९६३ पासून दाखवून दिलें. मांजराच्या पिल्लाची एक पापणी कांहीं आठवडे शिवून ठेवली, तर डोळा निरोगी राहूनहि मेंदूंतील पेशी त्या डोळ्याला ओळखीनाशा होतात. मोठ्या मांजरावर तसा परिणाम होत नाहीं. वॉल्ड यांना १९६७ सालीं आणि या दोघांना १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. बालपणाची ठराविक मुदत आहे, हें यावरून पटलें. माणसांत उपचाराला सर्वांत चांगलें यश साधारण सात वर्षांच्या आंत येतें. पुढें तें कमी होत जातें.

मापनांत एक अडचण मात्र होतीच. मंद डोळा एका बिंदूवर स्थिर राहत नाहीं, कित्येकदां तो मध्यबिंदु सोडून बाजूच्याच भागानें पाहतो. मग प्रकाश नेमका कोठें पडला हें सांगणें कठीण. हल्लींचीं संगणकयुक्त यंत्रें दृष्टिपटलावर सतत नजर ठेवून डोळा हलला कीं ठिपकाहि हलवितात. त्यांनीं मोजलेली संवेदना मध्यभागीं कधीं थोडी कमी भरते. पण अक्षरें वाचतांना आढळणाऱ्या मोठ्या उणिवेचा उलगडा तेवढ्यानें होत नाहीं.

नगर जिल्ह्याला, ज्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, यंत्रापेक्षां मुदतीची अडचण मोठी आहे. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाडीची वर्षांतून दोनदां आणि शाळेची एकदां तपासणी ठरलेली आहे. लोणीस १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि पाथर्डी, शेवगांव, जामखेड या तालुक्यांतून हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तपासणीचें पथक शाळेंत येतें त्या दिवशीं ज्या मुलाचें बिऱ्हाड उसाच्या फडावर आहे, त्याचें एक वर्ष गेलें. आणि सातांतून एक वर्ष वजा करणें ही लहान बाब नव्हे. चष्मा किंवा पट्टी मिळालीच, तरी ती लावून घेणारें माणूस पहांटेपासून कोयता घेऊन रानांत असतें.

अशा बिऱ्हाडासाठीं अमेरिकेंतील एका मोठ्या परीक्षणाचा २००३ मधील निष्कर्ष उपयोगी पडण्यासारखा आहे. मध्यम प्रतीचा दोष असलेल्या सात वर्षांखालील मुलांत रोज दोन तास पट्टी बांधून जितका गुण आला, तितकाच सहा तास बांधून आला. मात्र त्या वेळांत निदान एक तास जवळून पाहण्याचें काम, चित्रें रंगविणें किंवा अक्षरें गिरविणें, मुलाकडून करवून घेतलें होतें. हे दोन तास संध्याकाळीं कोपीपुढें, दिवे लागण्यापूर्वीं, निघूं शकतात.