दोन पुस्तकांची नावं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये दोघा-तिघांनी विचारलंसुद्धा, "काय बाई, लेखणी थंडावली का?" थंडावली नव्हती. पण जे लिहायचं होतं ते घरातलं होतं, आणि त्यासाठी घरातल्या माणसाची परवानगी हवी होती. ती काल मिळाली. (एका अटीवर मिळाली. ती अट शेवटी सांगते.)

तर झालं असं. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या ह्यांचं विसरणं वाढलंय असं मला वाटायला लागलं. चष्मा नि किल्ल्या काय, सगळेच विसरतात. पण चाळीस वर्षं ज्या दुकानातून वाणसामान आणलं, त्या गल्लीत वळायचं सोडून हे एके दिवशी सरळ पुढे गेले, आणि रिकामी पिशवी घेऊन घरी येऊन म्हणाले, "दुकान बंद होतं." दुकान उघडं होतं. मी गप्प बसले. रात्री हे झोपल्यावर मोबाइल घेतला आणि विचारायला सुरुवात केली. म्हातारपणी किती विसरणं साहजिक असतं, स्मृतिभ्रंशाची पहिली लक्षणं कोणती, अशा माणसाशी बोलावं कसं. चार-पाच रात्री तेच वाचत होते. दोन-तीन व्हिडिओ आवाज अगदी बारीक करून पाहिले. परदेशातल्या मुलाला कळवलं नाही, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. आधी माझं मला कळू दे, मग बघू, असं ठरवलं होतं.

पुढच्या रविवारी दीर आणि जाऊबाई आल्या. चहा झाला. ह्यांनी मोठ्या हौसेनं टीव्ही लावला, जुनी नाट्यपदं ऐकवतो म्हणाले. (टीव्ही मुलानं दिवाळीत घेऊन दिलेला. जाताना तो माझ्या मोबाइलच्याच खात्याशी जोडून गेला, "आई, तुला सोपं पडेल.") पडदा उजळला आणि नाट्यपदांच्या जागी ओळीनं चित्रं आली. विसरभोळेपणा आणि स्मृतिभ्रंश यांतला फरक. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराला कसं सांभाळावं. आणि खाली एका वृद्धनिवासाची जाहिरात, हिरवळीवर हसणाऱ्या आजी-आजोबांसकट!

खोलीत कोणी बोलेना. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी रिमोट हळूच टीपॉयवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणाले, "मला आधी विचारायचं होतंस."

विचारणारच होते हो. शब्द जुळवत होते.

त्या रात्री झोप कसली लागते. आणि पडल्या पडल्या मला आठवलं ते टिळकांचं कार्ड. (एकतीस वर्षं इतिहास शिकवला की माणसाचं असंच होतं. दुखणं घरातलं नि आठवतात सनावळ्या.)

माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे हे वाचत असतील त्यांना आठवेल. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला बाँब फुटला. त्यावर 'केसरी'त १२ मेला 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनला 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख आले. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली, आणि लगोलग पुण्यात त्यांच्या राहत्या वाड्याची, म्हणजे आपल्या नारायण पेठेतल्या गायकवाड वाड्याची झडती झाली. सिंहगडावरच्या घराचीही झाली. या झडतीत पोलिसांना एक कार्ड सापडलं. त्यावर दोन इंग्रजी पुस्तकांची नावं लिहिलेली होती आणि दोन्ही पुस्तकं स्फोटक द्रव्यांवरची होती.

लक्षात घ्या, कार्डावर होती ती नुसती नावं. पण सरकार पक्षानं ते कार्ड पुरावा म्हणून कोर्टापुढे ठेवलं. लेख लिहिणाऱ्याच्या मनात काय चाललं होतं ते बघा, असा त्याचा अर्थ. टिळकांनी खुलासा केला. ८ जूनला सरकारनं स्फोटक द्रव्यांचा नवा कायदा केला होता, त्यावर टीका करायची होती, 'स्फोटक' या शब्दाची व्याख्या तपासायला कोणती पुस्तकं आहेत हे पाहून ती नावं टिपून ठेवली होती. संपादकाचं नेहमीचं काम. खटला १३ ते २२ जुलै चालला. टिळक स्वतः एकवीस तासांहून अधिक बोलले. ज्यूरीतले सात युरोपियन विरुद्ध गेले, दोन पारशी गृहस्थ बाजूनं राहिले, आणि न्या. दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. (हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून वकील होऊन उभे राहिले होते. हे सांगितलं की वर्गात हमखास चुळबूळ व्हायची.) शिक्षा झाली ती लेखांबद्दल, कार्डाबद्दल नव्हे, हेही मी नेहमी सांगायची.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, पण पुस्तकाचं नाव लिहिलं तर त्यात काय झालं?" मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं असणार. आता ती भेटली तर जास्त बरं उत्तर देईन. माणूस काय वाचतो, काय शोधतो, ते नुसतं टिपलेलं असतं, त्याचा अर्थ दुसराच कोणीतरी लावतो. आणि मग त्या अर्थाचं ओझं आपल्याला वाहावं लागतं.

टिळकांना निदान ते कार्ड दाखवलं गेलं. कोणी उचललं, कुठून उचललं, हे त्यांना माहीत होतं. वॉरंट होतं. हे कशासाठी लिहिलं, असं विचारलं गेलं आणि उत्तर द्यायला व्यासपीठ मिळालं, भले ते आरोपीच्या पिंजऱ्यातलं का असेना. माझं कार्ड मला कोणी दाखवलं नाही. 'ही बाई काळजीपोटी वाचते आहे, अजून काही ठरलेलं नाही' हे सांगायची सोय नव्हती. कुठल्यातरी यंत्रानं ठरवलं की या घरात आजारी म्हातारा आहे, आणि वृद्धनिवासाला गिऱ्हाईक गाठून दिलं.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही वाड्यात वाढलात, तुम्हाला कसली आलीय खाजगी गोष्ट? अगदी खरं आहे. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात चौदा बिऱ्हाडं आणि एक नळ. पोस्टमन पोस्टकार्ड हातात देतानाच "मुलगी झाली हो ताईंना" असं सांगायचा. फोन फक्त मालकांकडे, बाकी सगळ्यांनी तोच नंबर पुढे 'पी.पी.' लावून दिलेला. माझ्या लग्नाची बोलणी मालकांच्या ओटीवर उभं राहून माझ्या वडिलांनी मोठ्या आवाजात केली आणि अख्ख्या वाड्यानं ऐकली. वाण्याच्या वहीत आमची उधारी होती, ती वही दुकानात आलेल्या कोणालाही दिसायची. पण समोरच्या काकूंना माझं काय माहीत आहे ते मला ठाऊक होतं, आणि त्यांच्याकडे कोणत्या तारखेला पगार संपतो तेही मला ठाऊक होतं. फिटंफाट! शिवाय वाड्यातली बातमी लक्ष्मी रोडपर्यंत जाईतो दमून जायची. आणि माणसं बघून न बघितल्यासारखं करायची. त्या रविवारी जाऊबाईंनी केलं तेच. त्यांनी पटकन भाजीचे भाव काढले. टीव्हीला ते कुठून यायला?

सरकारला पत्र फोडायचा अधिकार होताच, नव्हता असं नाही. १८८५ च्या तार कायद्यात आणि १८९८ च्या पोस्ट कायद्यात त्याची कलमं होती. पण कोणातरी अधिकाऱ्याला हुकूम काढावा लागे. टेलिफोन चोरून ऐकण्यावर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी बंधनं घातली, गृहसचिवाचा लेखी आदेश हवा वगैरे. ते किती पाळलं गेलं तो वेगळा विषय. पण निदान मागायला कागद तरी होता.

पुस्तकांचंच घ्या. खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं १९०७ मध्ये, सरकारनं बंदी घातली १९१० मध्ये. बंदीचा हुकूम मुंबईत निघाला तरी कपाटातली प्रत न्यायची तर शिपायाला दार वाजवावं लागणार. तेवढ्या वेळात पुस्तक डाळीच्या डब्यात जाऊ शकतं. आता दुसरी गोष्ट ऐका. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉन कंपनीनं लोकांनी पैसे देऊन घेतलेली दोन पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली. हक्कांचा काही घोळ होता, पैसे परत केले, पुढे मालकांनी माफीही मागितली. पुस्तकं कोणती, तर जॉर्ज ऑर्वेलची 'अ‍ॅनिमल फार्म' आणि '१९८४'! (ऑर्वेलचा जन्म आपल्याच बिहारमधल्या मोतीहारीचा. त्याला ही बातमी कळती तर तो हसला असता की नाही कोण जाणे.) एका शाळकरी मुलानं त्यातल्या एका पुस्तकावर अभ्यासाची टिपणं काढली होती, ती निरुपयोगी झाली. तो कोर्टात गेला, कंपनीनं तडजोड केली. मला त्या टिपणांचंच फार वाईट वाटलं. मास्तरीण ना शेवटी.

टीव्हीचंही मुलाला फोन करून, मग थोडं स्वतः वाचून समजून घेतलं. माझ्या बाबतीत एकच खातं दोन्हीकडे असल्यानं गोंधळ झाला, ती साधी गोष्ट. पण काही टीव्ही याहून पुढे जातात. पडद्यावर जे दिसतं त्याचे ठिपके थोड्या थोड्या वेळानं टिपून कंपनीकडे पाठवतात, तिथे ते जुळवून पाहिलं की या घरात आत्ता काय चाललंय ते कळतं. मग ते केबलवरचं असो की स्वतःच्या सीडीवरचं. अमेरिकेत व्हिझिओ नावाच्या कंपनीनं १ कोटी १० लाख टीव्हींमधून अशी माहिती न सांगता गोळा केली आणि विकली, म्हणून २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर भरावे लागले. भागाकार करून पाहिला, टीव्हीमागे वीस सेंट. वीस सेंट! आमच्या वाण्यानं वजनात मारलं तरी याहून जास्त दंड व्हायचा.

"पण आई, आपण संमती दिली होती," मुलगा म्हणाला. दिली होती खरी. दिवाळीत त्यानंच रिमोटवरून चार वेळा 'मान्य' दाबलं, मी शेजारी चकल्या तळत होते. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं नव्या अटी पाठवल्या तेव्हाही तेच. तुम्ही सगळ्यांनी 'मान्य' केलंत, मीही केलं, कारण भाचरंडांचे फोटो तिथेच येतात. या 'घ्या नाहीतर जा' पद्धतीबद्दल आपल्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या मूळ कंपनीला, मेटाला, २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला आणि अपील न्यायाधिकरणानं नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायम ठेवला. हे वाचून मला बरं वाटलं, का ते नीट सांगता येणार नाही. त्या अटी मला तेव्हाही समजल्या नव्हत्या, आजही समजत नाहीत. संमती म्हणजे काय हे आम्ही नागरिकशास्त्रात शिकवलं ते असं नव्हतं.

कायदा म्हणाल तर त्याचं मूळ २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यातला मोठा भाग लिहिला न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, आणि लिहिताना त्यांनी १९७६ चा आणीबाणीतला निकाल चूक ठरवला, जो देणाऱ्यांमध्ये त्यांचे वडील होते. वडील, यशवंतराव चंद्रचूड, आपल्या नूतन मराठी विद्यालयाचे विद्यार्थी. बापाचं चुकलं असं मुलानं निकालपत्रात लिहावं, याला काय म्हणावं? मी तरी संस्कार म्हणते. त्याच निकालात न्या. कौल यांनी कंपन्यांना आपल्याबद्दल किती माहिती असते ते लिहिलं आहे. पुढे २०२३ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि मुख्य बंधनं पाळायला कंपन्यांना आणखी अठरा महिने दिले. टिळकांच्या खटल्यात अटकेपासून निकालापर्यंत चार आठवडे लागले होते. सरकारला घाई करता येते, मनात असलं की.

असो. मुलानं फोनवरून सांगून सांगून टीव्हीतली सात बटणं बंद करायला लावली, खाती वेगळी केली. ह्यांनी मात्र टीव्हीचा विषय काढला नाही. चार दिवसांनी संध्याकाळी चप्पल घालून उभे राहिले आणि म्हणाले, "चल, डॉक्टरकडे जाऊ. जे वाचलंयस ते लिहून घे, तिथे विचारता येईल." मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर प्रश्न लिहिले. ह्यांनी ते वाचले, एक खोडला, दोन वाढवले. तो कागद डॉक्टरांनी पाहिला, आम्ही दोघांनी पाहिला, आणि आता तो ह्यांच्या पाकिटात आहे.

हा लेख लिहायची परवानगी मागितली तेव्हा म्हणाले, "लिही. टीव्हीचं लिही, टिळकांचं लिही, माझं दुकान चुकलं तेही लिही. पण डॉक्टर काय म्हणाले ते लिहायचं नाही." हीच ती अट.

तेव्हा नातेवाईक मंडळी, फोन जरूर करा, संध्याकाळी सहानंतर आम्ही घरीच असतो. फक्त तेवढं विचारू नका. ह्यांच्याशी नाट्यपदांवर बोला, तासभर सोडणार नाहीत. आणि कैऱ्या चांगल्या आल्यात, लोणचं कोणाकोणाला हवं ते आत्ताच सांगा, बरण्या कमी आहेत.