दृश्य वस्तू-ओळख (किरकोळ विक्री)

दृश्य वस्तू-ओळख म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावर ठेवलेला माल कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमेवरून आपोआप ओळखून त्याचे बिल तयार करणारे तंत्रज्ञान होय. संगणकीय दृष्टी या शाखेचे हे एक उपयोजन आहे. बारकोडमध्ये वस्तूवर छापलेले चिन्ह वाचले जाते; येथे मात्र वस्तूचा रंग, आकार, पोत व वेष्टन यांवरून तिची ओळख पटवली जाते. सुटी फळे, भाज्या, ताजे पाव व उपाहारगृहातील पदार्थ यांसारख्या, ज्यांवर बारकोड लावणे अवघड असते अशा मालासाठी हे तंत्रज्ञान प्रामुख्याने वापरले जाते.

पार्श्वभूमी

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातील ट्रॉय येथील मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्ली कंपनीच्या च्युइंग गमचे पाकीट स्कॅन करण्यात आले. सार्वत्रिक उत्पादन संकेताच्या व्यापारी वापराची ही सुरुवात मानली जाते. त्यामुळे वेष्टनबंद मालाची नोंद जलद होऊ लागली, परंतु सुट्या मालाचा प्रश्न कायम राहिला. त्यासाठी १९९० पासून चार अंकी पीएलयू संकेत रूढ झाले. उदाहरणार्थ, नेहमीच्या पिवळ्या केळ्यांचा संकेत ४०११ असा आहे. असे शेकडो संकेत रोखपालाला पाठ असावे लागतात किंवा तक्त्यात शोधावे लागतात. ग्राहकाने स्वतः बिल करण्याची यंत्रे आल्यावर हे काम ग्राहकाकडे गेले आणि चुकांबरोबरच महाग माल स्वस्त मालाच्या संकेताने नोंदवण्याचे प्रकारही होऊ लागले.

इतिहास

या क्षेत्रातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी ‘व्हेजीव्हिजन’ ही प्रणाली महत्त्वाची आहे. आयबीएमच्या संशोधकांनी १९९६ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. वजनकाट्यातच कॅमेरा व प्रकाशयोजना बसवलेली होती. दिवा लावून आणि दिव्याविना अशा दोन प्रतिमांची तुलना करून वस्तू पार्श्वभूमीपासून वेगळी केली जाई. त्यानंतर रंग, पोत इत्यादी गुणधर्म साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिले जात. खात्री नसल्यास प्रणाली काही पर्याय दाखवून अंतिम निवड माणसावर सोपवत असे. योग्य उत्तर पहिल्या चार पर्यायांत असण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक असल्याचे संशोधकांनी नोंदवले.

जपानमधील ह्योगो प्रांतातील निशिवाकी येथील ‘ब्रेन’ या कंपनीने २००७ च्या सुमारास पाव ओळखणाऱ्या यंत्रावर काम सुरू केले. ही कंपनी पूर्वी विणकामाच्या नक्ष्यांसाठी संगणक प्रणाली तयार करीत असे. जपानी बेकऱ्यांत पावांचे असंख्य प्रकार वेष्टनाविना विकले जातात आणि नव्या कामगाराला त्यांची नावे व किमती लक्षात ठेवणे कठीण जाते. ‘बेकरीस्कॅन’ नावाचे हे यंत्र २०१३ मध्ये बाजारात आले. तबकातील प्रत्येक पावाभोवती ते पडद्यावर बाह्यरेषा काढते व शंका असल्यास विक्रेत्याला विचारते. हेच तंत्र पुढे सूक्ष्मदर्शकाखालील प्रतिमांतून कर्करोगाच्या पेशी शोधण्यासाठीही अनुकूल करण्यात आले.

२०१२ मध्ये ‘ॲलेक्सनेट’ या न्यूरल नेटवर्कने प्रतिमा-ओळखीच्या इमेजनेट स्पर्धेत मोठ्या फरकाने यश मिळवले. त्यानंतर हाताने ठरवलेल्या गुणधर्मांऐवजी उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या प्रारूपांचा वापर वाढला. २२ जानेवारी २०१८ रोजी सिॲटल येथे ‘ॲमेझॉन गो’ हे दुकान सर्वसामान्यांसाठी खुले झाले. तेथे छतावरील कॅमेरे व फळ्यांमधील वजन-संवेदक यांच्या साहाय्याने ग्राहकाने काय उचलले हे ठरवले जाई व गल्ल्याची गरजच उरत नसे.

कार्यपद्धती

ओळखीची प्रक्रिया साधारणतः पुढील टप्प्यांत होते :

१. प्रतिमा घेणे : सावल्या व चकाकी टाळण्यासाठी नियंत्रित प्रकाशात एक किंवा अनेक कॅमेऱ्यांनी प्रतिमा टिपली जाते.

२. शोध : प्रतिमेत वस्तू कोठे व किती आहेत हे ठरवले जाते.

३. वर्गीकरण : प्रत्येक वस्तूचे दृश्य वैशिष्ट्य संख्यांच्या मालिकेत रूपांतरित करून साठवलेल्या नमुन्यांशी त्याची तुलना केली जाते. या पद्धतीत नवे उत्पादन आल्यास संपूर्ण प्रारूप पुन्हा न शिकवता केवळ त्याचे नमुने जोडता येतात.

४. पडताळणी : वजन व ओळख यांचा मेळ घातला जातो. खात्री ठरावीक मर्यादेखाली असल्यास निर्णय माणसाकडे जातो.

अचूकतेचे मापन

एकेक वस्तू ओळखण्याची अचूकता आणि संपूर्ण बिलाची अचूकता यांत मोठा फरक असतो. प्रत्येक वस्तू ९९ टक्के वेळा बरोबर ओळखली जात असेल आणि चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर २० वस्तूंचे बिल पूर्णपणे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ८२ टक्केच राहते. म्हणून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरपीसी’ या माहितीसंचात सर्व वस्तू व त्यांची संख्या बरोबर असेल तरच ती प्रतिमा यशस्वी मानण्याचा निकष वापरला गेला. या संचात २०० उत्पादनांच्या ८३,७३९ प्रतिमा आहेत. प्रारूपाला शिकवण्यासाठी सुट्या वस्तूंच्या, तर चाचणीसाठी अनेक वस्तू एकत्र असलेल्या गल्ल्यावरील प्रतिमा दिल्या आहेत. प्रत्यक्ष दुकानातही हीच अडचण येते.

मर्यादा

एकमेकांवर ठेवलेल्या वस्तू, पारदर्शक पिशव्या, चुरगळलेली वेष्टने आणि बदलता प्रकाश यांमुळे ओळख चुकते. एकाच उत्पादनाची निरनिराळ्या वजनांची पाकिटे दिसायला जवळजवळ सारखी असतात. सेंद्रिय व साध्या टोमॅटोंतील फरक तर कॅमेऱ्याला दिसतच नाही. फळांचा रंग पिकण्यानुसार बदलतो आणि उत्पादक वेष्टनेही बदलत राहतात, त्यामुळे नमुने सतत अद्ययावत ठेवावे लागतात. भारतात वेष्टनबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. त्यामुळे एकाच उत्पादनाचा जुन्या व नव्या किमतीचा साठा एकाच वेळी दुकानात असू शकतो; अशा वेळी केवळ दर्शनी भागाच्या प्रतिमेवरून योग्य किंमत ठरवता येत नाही.

सामाजिक परिणाम

या तंत्रज्ञानामुळे रांगा कमी होतात आणि नव्या कामगाराला प्रशिक्षण देणे सोपे जाते, असे त्याचे समर्थक सांगतात. दुसरीकडे, रोखपालांच्या रोजगारावर होणारा परिणाम हा वादाचा विषय आहे. बेकरीस्कॅनसारख्या यंत्रांत विक्रेता गल्ल्यावर राहतो व यंत्र त्याला साहाय्य करते, तर गल्लाविरहित दुकानांत ही भूमिकाच काढून टाकण्याचा प्रयत्न असतो.

तथापि, माणसाचे श्रम पूर्णपणे संपतात असे नाही. ॲमेझॉनच्या गल्लाविरहित प्रणालीमागे भारतातील अनेक कर्मचारी चित्रफिती तपासत असल्याच्या बातम्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. हे कर्मचारी मुख्यतः प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी माहितीचे अंकन करतात आणि खरेदीच्या अल्प भागाचीच पडताळणी करतात, असे कंपनीने स्पष्ट केले. त्याच वर्षी अमेरिकेतील आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही प्रणाली काढून स्वयंचलित नोंद करणाऱ्या ढकलगाड्यांवर भर देण्याचे तिने जाहीर केले.

खासगीपणाचा प्रश्नही यांच्याशी जोडलेला आहे. केवळ तबकाकडे रोखलेला कॅमेरा वस्तूपुरताच मर्यादित राहतो. संपूर्ण दुकानावर नजर ठेवणारी प्रणाली मात्र ग्राहकाच्या हालचालीही टिपते. चूक झाल्यास ती कोणी व कशी सुधारायची, हेही महत्त्वाचे ठरते. गल्ल्यावरच वस्तूंची यादी दिसत असेल, तर ग्राहक पैसे देण्यापूर्वी हरकत घेऊ शकतो. पावती नंतर येणाऱ्या पद्धतीत बिल तपासण्याची जबाबदारी ग्राहकावर पडते.