हुशार आहे, पण वाचत नाही: एका वाक्याचा इतिहास

आजचा विषय शाळेतल्या वाचनाचा आहे, आणि तो आपण इतिहासाच्या वाटेने पाहणार आहोत. डिस्लेक्सिया म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक, २००७ साली आलेला ‘तारे जमीं पर’. दुसरी, दहावीच्या परीक्षेत मिळणारा जादा वेळ. दोन्ही महत्त्वाच्याच. पण या दोन्हींच्या मध्ये एक साधा प्रश्न राहून जातो: त्या मुलाला वाचायला कुणी शिकवलं का? चित्रपट पाहताना आपण सगळे रडलो. पण ईशानला अक्षरं नेमकी कशी शिकवली, हे विचारलं तर फारच थोड्यांना सांगता येतं. म्हणून आज आपण निदानापेक्षा शिकवण्याचा इतिहास जास्त बघणार आहोत.

सुरुवात इंग्लंडमधून करू. ससेक्स परगण्यात सीफर्ड नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे प्रिंगल मॉर्गन नावाचे डॉक्टर होते. नोव्हेंबर १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. मुलाचं नाव पर्सी. खेळात चांगला, वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीचा, आकडे सहज वाचणारा, बीजगणिताचं उदाहरण सोडवणारा. पण छापलेला शब्द समोर आला की अडला. स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करायचा, आणि एकदा सांगूनही ती चूक त्याच्या लक्षात येत नसे. सातव्या वर्षापासून त्याच्यावर मेहनत घेतली जात होती, तरी ही स्थिती. त्याला काही वर्षं शिकवलेल्या मास्तरांचं मत मॉर्गन यांनी नोंदवून ठेवलंय. सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं ते मत. हे वाक्य लक्षात ठेवा. आजच्या विषयाची गाठ याच वाक्यात आहे.

मॉर्गन यांच्या आधी हा विषय नव्हता असं नाही. जर्मनीत कुसमाउल यांनी १८७७ मध्ये ‘शब्दांधत्व’ ही कल्पना मांडली होती, आणि श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांच्या १८८७ च्या पुस्तकात ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द होता. पण त्यांचे रुग्ण मोठी माणसं होती. आधी वाचता येत होतं, मग मेंदूला इजा किंवा आजार झाला आणि वाचन गेलं. मॉर्गन म्हणाले ते वेगळं होतं: हे जन्मापासूनही असू शकतं. म्हणजे गेलेलं परत आणायचं नाही, मुळात न आलेलं आणायचंय. आणि न आलेलं आणणं हे काम शेवटी शाळेचं असतं, हे तेव्हा फारसं कुणी बोललं नाही.

अपवाद एक. ग्लासगोचे नेत्रशल्यचिकित्सक जेम्स हिन्शेलवूड. १८९५ पासून ते यावर लिहीत होते, आणि १९१७ मध्ये त्यांनी या मुलांवर पूर्ण पुस्तकच काढलं. त्यांचा सल्ला व्यवहारी होता. या मुलाला भरल्या वर्गात सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. एकट्याला बसवून शिकवा. तासभर बसवण्यापेक्षा दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ शिकवा. आधी एकेक अक्षर पक्कं करा, मग ती अक्षरं मोठ्याने म्हणत शब्दाकडे न्या, म्हणजे कानाची स्मृती डोळ्यांच्या मदतीला येईल. कारणाबद्दलचं त्यांचं म्हणणं पुढे मागे पडलं; सल्ल्यातलं बरंच काही टिकलं.

आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जाऊ, कारण पुढचं मोठं पाऊल तिथे पडलं. १९२५ साली आयोवा राज्यात सॅम्युएल ऑर्टन हे मेंदू आणि मनोविकारांचे डॉक्टर गावोगावच्या मुलांना तपासत होते. शाळेत मागे पडलेली म्हणून पाठवलेल्या मुलांत अशीही मुलं निघाली की ज्यांची बुद्धी ठीकठाक, पण वाचन शून्य. ऑर्टन यांचा तर्क असा: मेंदूच्या दोन बाजूंपैकी एकीचं वर्चस्व नीट बसत नाही, म्हणून अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होतात. हा तर्क पुढे टिकला नाही. पण ऑर्टन यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. न्यूयॉर्कला गेल्यावर त्यांनी शिक्षकांना बरोबर घेतलं.

त्यातल्या दोन नावांना आपण विसरता कामा नये: ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन. दोघीही न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्ये काम केलेल्या. १९३० च्या दशकात त्यांनी शिक्षकांसाठी एक हस्तपुस्तिका तयार केली. ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत म्हणून आज जी ओळखली जाते, तिचं मूळ हे. पद्धतीत जादू काही नाही. एका वेळी एक अक्षर आणि त्याचा ध्वनी. मूल अक्षर बघतं, ध्वनी उच्चारतं, स्वतःचा आवाज ऐकतं, बोटाने गिरवतं, लिहितं. मोजकी अक्षरं पक्की झाली की त्यांचेच शब्द. जे शिकवलेलं नाही ते वाचायला द्यायचं नाही. रोज मागच्याची उजळणी. पहिली पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. आणि अंदाजाने वाचायला अजिबात प्रोत्साहन नाही.

इथे एक गंमत पाहा. सिद्धांत चुकला, पद्धत वाचली. असं का झालं? १९७० च्या दशकात त्याचं उत्तर हळूहळू मिळत गेलं. अमेरिकेत हॅस्किन्स प्रयोगशाळेतल्या इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की वाचनाची खरी मेख डोळ्यांत नाही, बोलण्यातले सुटे ध्वनी ओळखण्यात आहे. १९७९ मध्ये फ्रँक व्हेल्युटिनो यांनी अक्षरं उलटी दिसतात या जुन्या समजुतीची सविस्तर झडती घेतली आणि ती टिकत नाही असं दाखवलं. म्हणजे गिलिंगहॅमबाई डोळ्यांचा दोष समजून कानाचं काम करत होत्या, आणि नेमकं तेच हवं होतं. आता, हाताने गिरवण्याचा त्यात नेमका किती वाटा आहे, यावर संशोधकांत आजही वाद आहेत. पण ध्वनी आणि अक्षर यांची जोडी उघडपणे, क्रमाने, भरपूर सरावासह शिकवावी, यावर बऱ्यापैकी एकमत आहे.

मग हे सगळं शाळांत पोहोचलं का? इथे इतिहास दोन वाटांना फुटतो. एक वाट शिकवण्याची, दुसरी हक्कांची. हक्कांची वाट जास्त वेगाने धावली. १९६३ मध्ये शिकागोला पालकांच्या परिषदेत सॅम्युएल कर्क यांनी ‘अध्ययन अक्षमता’ हा शब्द रूढ केला, आणि १९७५ च्या अमेरिकी कायद्यात या मुलांना जागा मिळाली. इंग्लंडमध्ये १९६२ साली लंडनला ‘वर्ड ब्लाइंड सेंटर’ निघालं; तिथे तपासणी आणि शिकवणी दोन्ही होत. पण तिथेच एक टीकाही सुरू झाली, ती आपल्याला ओळखीची वाटेल: हे मध्यमवर्गाचं दुखणं आहे, अभ्यासात मागे पडलेल्या मुलांच्या सुखवस्तू आईबापांनी शोधलेली सबब आहे. टीका अन्यायाची होती, पण तिच्यात एक कण खरा होता. ज्याच्या आईवडिलांना डॉक्टरचं दार माहीत, त्याच्याच मुलाला नाव मिळत होतं. बाकीच्यांची मुलं तशीच ‘ढ’ राहत होती.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात या चळवळीला १९९० च्या दशकात बळ आलं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात तपासणी होऊ लागली. १९९६ मध्ये महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. त्याच सुमारास राज्य सरकारने परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली: पंचवीस टक्के जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय. देशात असं पाऊल लवकर उचलणाऱ्या राज्यांत आपण होतो, हे अभिमानानेच सांगायला हवं. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता पहिल्यांदा आली.

पण क्रम बघा. सवलत लागते पंधराव्या वर्षी. वाचन शिकवायचं असतं सहाव्या-सातव्या वर्षी. पक्कं निदान तज्ज्ञ साधारण आठव्या वर्षाच्या आसपासपर्यंत करत नाहीत. म्हणजे शाळा प्रमाणपत्राची वाट बघत बसली, तर शिकवण्याची सगळ्यात चांगली वर्षं निघून जातात. पोराला दहावीला अर्धा-पाऊण तास जादा मिळतो, पण प्रश्नपत्रिका वाचायला कुणी शिकवलेलं नसतं. सवलत ही कुबडी आहे, ती हवीच. पण कुबडी दिली म्हणून चालायला शिकवायचं सोडून द्यायचं नसतं.

दुसरी अडचण भाषेची. आपल्याकडची बरीचशी साधनं इंग्रजीवरून आली. इंग्रजीचा त्रास वेगळा: तिथे एकाच अक्षराचे दहा उच्चार. मराठीत उच्चार बऱ्यापैकी नेमके, म्हणून पुष्कळांना वाटतं की मराठीत डिस्लेक्सिया होतच नाही. इटालियनसारख्या नियमित लिपीच्या भाषांतला अनुभव असा की तिथे अशी मुलं चुका कमी करतात, पण वाचतात फार सावकाश. मराठीतही असं मूल सहज नजरेतून सुटू शकतं. शिक्षक म्हणतात, “वाचतो की! जरा आळशी आहे, इतकंच.” प्रत्यक्षात एक ओळ संपेपर्यंत पहिल्या शब्दाचा अर्थ निसटलेला असतो.

आणि देवनागरीच्या स्वतःच्या खाचाखोचा आहेतच. ‘किती’ म्हणताना कानाला आधी क ऐकू येतो, डोळ्याला आधी वेलांटी दिसते. ‘कर्म’ मधला र उच्चारात म च्या आधी, लिहिताना म च्या डोक्यावर. हाच र ‘क्रम’ मध्ये वेगळा, ‘ट्रक’ मध्ये वेगळा, ‘सुऱ्या’ मध्ये आणखी वेगळा. घ आणि ध, भ आणि म यांत फरक एवढासा. बाराखडी तर मुलं गाण्यासारखी म्हणतात, पण ‘का’ मध्ये क् आणि आ असे दोन तुकडे आहेत, हे गाण्यातून आपोआप कळत नाही. ते फोडून दाखवावं लागतं. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणीसाधनं तयार केली, त्यांत हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. ती आली २०१५ मध्ये. मॉर्गन यांच्या लेखानंतर जवळजवळ एकशेवीस वर्षांनी.

इथे कुणीतरी नक्की म्हणेल की आमचे पंतोजी हे आधीच करत होते. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचं आणि तोंडाने मोठ्यांदा म्हणायचं. डोळा, हात, तोंड, कान सगळं एकत्र. खरं आहे. ईशानचे निकुंभ सरही वाळूत अक्षरं काढायला लावतात. पण नुसतं गिरवणं म्हणजे पद्धत नव्हे. पंतोजींकडे सगळ्यांना एकच चाल होती, आणि जो मागे राही त्याच्यासाठी छडी होती. मागे राहिलेल्यासाठी पायरी लहान करायची, ही कल्पना नव्हती. गिलिंगहॅम आणि स्टिलमन यांनी आणली ती हीच कल्पना.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. देशपातळीवरच्या ‘असर’ पाहण्या सांगतात की पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. ज्या वर्गात निम्मी मुलं अडलेली आहेत, तिथे डिस्लेक्सियाचं मूल ओळखायचं कसं? उत्तर उलट्या बाजूने येतं. आधी सगळ्यांनाच ध्वनी-अक्षर नीट, क्रमाने शिकवा. त्याने बहुतेक मुलं वाचायला लागतील. तरीही जी अडतील त्यांना लहान गटात, रोज थोडा वेळ, आणखी लहान पायऱ्यांनी शिकवा. तपासणीला पाठवायचं ते यांना, आणि तपासणी चालू असताना शिकवणं थांबवायचं नाही. यासाठी पहिलीच्या बाईंना प्रमाणपत्र लागत नाही. लागतं ते प्रशिक्षण आणि वेळ. तो त्यांना द्यायचा की त्यांच्याकडून आणखी चार तक्ते भरून घ्यायचे, हे आपण ठरवायचं आहे.

सीफर्डच्या त्या मास्तरांचं वाक्य दोन प्रकारे ऐकता येतं. एक अर्थ असा: सगळं तोंडी करा, म्हणजे हा मुलगा पुढे जाईल. आपल्या सवलती या अर्थातून आल्या. दुसरा अर्थ असा: याचा कान तयार आहे, त्याच कानाच्या वाटेने याला अक्षरांपर्यंत न्या. गेल्या सव्वाशे वर्षांत पहिला अर्थ कायद्यात आला, दुसरा अजून वर्गात पुरता पोहोचलेला नाही. मुलाला दोन्ही लागतात, पण आधी दुसरा लागतो.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.