जामीन कोण राहणार? परदेशी माणसाला कामावर ठेवणाऱ्याचा इतिहास

मागचं व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी आम्हाला जिन्यातच गाठलं. त्यांचा मुलगा अमेरिकेत लहानशी कंपनी चालवतो. तिथल्याच विद्यापीठातून नुकतीच एम.एस. झालेली आपल्याकडची एक मुलगी त्याला कामावर घ्यायची आहे. पण कागदपत्रांची यादी बघून तो बिचकला. गृहस्थ म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तरी एवढं सांगा, नोकरी देणाऱ्याच्या डोक्यावर हे ओझं आलं कुठून?" आम्ही वकील नव्हे, हे आधी सांगून टाकलं. पण 'कुठून आलं' हा प्रश्न वकिलाचा नाहीच, इतिहासाचा आहे. म्हणून आजचा विषय हाच घेतला.

सुरुवात आमच्या ओळखीच्या गावापासून करू. प्राचीन अथेन्समध्ये बाहेरगावाहून येऊन राहणाऱ्याला 'मेटिक' म्हणत. त्याने नाव नोंदवायचं, पुरुष असेल तर वर्षाला १२ द्राख्मा कर भरायचा, आणि मुख्य म्हणजे एक अथेनियन नागरिक 'प्रोस्टेटीस' म्हणून दाखवायचा. आपण त्याला जामीनदार म्हणू. जामीनदार नसेल तर खटला, कर बुडवला तर थेट गुलाम म्हणून विक्री. अशा माणसाला जमीन विकत घेता येत नसे. आता गंमत बघा, ॲरिस्टॉटल हा असाच मेटिक. सतराव्या-अठराव्या वर्षी उत्तरेतल्या स्टॅगिराहून प्लेटोच्या अकादमीत शिकायला आलेला, म्हणजे आजच्या भाषेत परदेशी विद्यार्थीच. पुढे त्याच शहरात त्याने शिक्षण देण्याचं काम केलं, तरी नागरिक तो कधी झाला नाही. अलेक्झांडर वारल्यावर अथेन्समध्ये मॅसिडोनियाविरुद्ध वातावरण तापलं, तेव्हा त्याला शहर सोडावं लागलं. 'जामीनदार' हा शब्द तेवढा लक्षात ठेवा.

आता अमेरिका. १८८३ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला वैद्यक शिकायला गेल्या, तेव्हा त्यांना विद्यार्थी व्हिसा नावाचा कागद लागला नाही, कारण तो अस्तित्वातच नव्हता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, अमेरिकेने एक कायदा केला. परदेशातल्या माणसाशी आगाऊ करार करून त्याला कामासाठी आणायचं नाही. आणलंत तर माणसामागे १,००० डॉलर दंड. आणि दंड कोणाला? आणणाऱ्याला. कामगार संघटनांचं म्हणणं असं होतं की कारखानदार आणि खाणमालक युरोपातून स्वस्त मजुरांचे जथेच्या जथे करारावर आणतात आणि इथली मजुरी पाडतात. म्हणणं खोटं नव्हतं. म्हणजे त्या काळी हातात नोकरी घेऊन येणं हाच गुन्हा! नोकरी नसेल तर या, असेल तर येऊ नका. आज नेमकं उलट आहे. हा उलटा प्रवास कसा झाला, हेच आपल्याला बघायचं आहे.

या कायद्यात पहिला मोठा मासा कोण सापडावा? न्यूयॉर्कचं एक चर्च. होली ट्रिनिटी चर्चने १८८७ मध्ये इंग्लंडहून वॉरन नावाचे धर्मगुरू करार करून बोलावले. कायद्याच्या शब्दांत 'कोणत्याही प्रकारचं श्रम किंवा सेवा' असं होतं. सवलतीच्या यादीत नट, कलावंत, व्याख्याते, गायक, घरगडी होते. धर्मगुरू नव्हते. (आम्ही व्याख्याते, तेव्हा आमची सोय झाली असती!) खालच्या न्यायालयाने चर्चला दोषी धरलं. १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: गोष्ट कायद्याच्या अक्षरात बसते, पण हेतूत बसत नाही, असा त्याचा मथितार्थ. अक्षर की आशय हा वाद आपल्या मीमांसकांनाही नवा नव्हता. आम्हाला मात्र या निकालात एक वेगळी गोष्ट खटकते. धर्मगुरूसाठी कायद्याचा आशय शोधला गेला, खाणीतल्या मजुरासाठी तो कोणी शोधला नाही.

पुढे युद्ध आलं, शेतावर माणसं कमी पडली, आणि १९४२ मध्ये सरकारनेच मेक्सिकोशी करार केला. 'ब्रासेरो' योजना ती. १९६४ पर्यंत पंचेचाळीस लाखांच्या आसपास करार झाले. माणसं त्याहून कमी, कारण एकच माणूस पुन्हा पुन्हा यायचा. भरतीच्या वेळी तळहातावर घट्टे आहेत का हे बघत. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून १० टक्के कापून बचत म्हणून मेक्सिकोच्या बँकांत ठेवायचे असं ठरलं होतं, ते पैसे अनेकांच्या हातात कधीच पडले नाहीत. कागदावर घर, मजुरी, परतीचं भाडं सगळं होतं. पण मजूर एका मालकाशी बांधलेला. तक्रार केली तर पुढच्या हंगामाला नाव नाही.

आणि आता १९५२. त्या वर्षीच्या कायद्याने करारबंदी संपली, आणि मालकाच्या अर्जावर तात्पुरता कामगार आणण्याचा 'एच' वर्ग आला. त्याच कायद्यात विनापरवाना माणसाला आसरा देणं हा गुन्हा ठरला. मात्र पुढे एक ओळ घातली गेली: त्याला नोकरी देणं म्हणजे आसरा देणं नव्हे. टेक्ससच्या शेतमालकांच्या दबावामुळे ती आली, म्हणून तिला 'टेक्सस प्रोव्हायझो' म्हणतात. काय बारकावा आहे पाहा. एक रात्र झोपायला जागा दिली तर गुन्हेगार, दिवसभर राबवून घेतलं तर सज्जन. चौतीस वर्षं ही ओळ टिकली.

ती गेली १९८६ मध्ये, आणि तिथूनच या गृहस्थांच्या मुलाचं ओझं सुरू होतं. त्या कायद्याने प्रत्येक मालकाला पहारेकरी केलं. नव्या माणसाचा, मग तो तिथला नागरिक का असेना, आय-९ नावाचा फॉर्म भरायचा. कामावर रुजू झाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत त्याचे कागद स्वतः बघायचे. इथे आमच्या विषयाची मजा आहे. मालकाला सत्य काय ते माहीत असण्याची सक्ती नाही. कागद 'वाजवीपणे खरा दिसतो' एवढं पुरे. गुन्हा 'जाणूनबुजून' ठेवल्याचा. ज्ञान म्हणजे काय यावर आम्ही तीस वर्षं तास घेतले; अमेरिकन काँग्रेसने ते एका क्रियाविशेषणात उरकलं. उलट बाजूही आहे: यादीतला कोणता कागद दाखवायचा हे कामगार ठरवतो. नाव परकं वाटलं म्हणून मालकाने जास्तीचे कागद मागितले, तर तोही भेदभावाचा गुन्हा. पहारेकरी नेमला, पण त्याने दारातल्या माणसाच्या तोंडाकडे बघून वागायचं नाही.

मग त्या मुलीचं काय? शिक्षण झाल्यावर तिला बारा महिने आपल्या विषयात काम करता येतं. त्याला ओपीटी म्हणतात. विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवीला २०१६ पासून आणखी चोवीस महिने मिळतात. पहिल्या वर्षासाठी मालकाला सरकारकडे अर्ज करावा लागत नाही; परवान्याचं कार्ड मुलीच्या स्वतःच्या नावाचं असतं. वाढीव मुदतीसाठी मात्र मालकाने प्रशिक्षणाचा आराखडा सही करून द्यायचा, ई-व्हेरिफाय यंत्रणेत नाव नोंदवायचं, आणि तशाच कामाच्या इतर माणसांइतका पगार द्यायचा.

खरा जामीनदार पुढच्या टप्प्यावर लागतो. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसाला वर्षाला ६५,००० ची मर्यादा घातली. तिथल्या पदव्युत्तरांसाठी पुढे २०,००० ची भर पडली. आता त्याची सोडत निघते. अर्ज मालकाचा. प्रचलित दराने पगार देईन, काम नसलं तरी बिनपगारी बसवणार नाही, मुदतीआधी काढलं तर परतीचं भाडं देईन, हे सगळं त्याने लिहून द्यायचं. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने परदेशातून आणायच्या नव्या माणसामागे १ लाख डॉलरचा भार घातला. १८८५ चे ते १,००० डॉलर आठवले.

२००० पर्यंत नोकरी बदलायची तर नव्या मालकाचा अर्ज मंजूर होईपर्यंत थांबावं लागे. त्या वर्षी नियम सैल झाला: नव्याने अर्ज दाखल केला की काम सुरू करता येतं. छोटीशी दुरुस्ती, पण आमच्या मते पंचवीस वर्षांतली सर्वांत माणुसकीची. आमचा एक जुना विद्यार्थी त्याआधी तिथे होता. एकदा फोनवर म्हणाला, "सर, साहेब वाईट नाही हो. पण त्याच्याशी भांडता येत नाही." पगार बरा, वागणूक सभ्य, तरीही हे वाक्य. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांना आजही वर्षानुवर्षं थांबावं लागतं, कारण कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, आणि त्या रांगेतला अर्जही बहुतेक वेळा मालकाच्याच हातचा.

त्या गृहस्थांना आम्ही जिन्यात एवढंच सांगितलं: मुलाला म्हणावं, चांगला वकील गाठ, कार्डावरची तारीख वहीत लिहून ठेव, आणि पगार किती देणार हे मुलीला पहिल्याच दिवशी लेखी दे. त्यांनी खिशातून बसचं तिकीट काढून मागच्या बाजूला ते टिपून घेतलं. मग विचारलं, "आणि सर, तिला वर्षभरात दुसरीकडे जायचं झालं तर?"

"जाऊ द्यावं," आम्ही म्हणालो. "कार्ड तिचं आहे."