रअशा, खाजकुयली आणि घरातले घड्याळ

अंग थरथरण्याच्या विकाराला उर्दूत 'रअशा' म्हणतात. इब्ने सिना यांच्या 'अल-कानून'मध्ये रअशाचा वेगळा विचार केलेला आहे. आयुर्वेदात यासाठी 'कंपवात' हा शब्द आहे. आज ज्याला आपण पार्किन्सन्स म्हणतो, त्याची नोंद लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये सहा रुग्णांचे वर्णन करून केली. मात्र गुणकारी गोळी हाती यायला त्यानंतर दीडशे वर्षे गेली. या शोधाच्या इतिहासात आपल्या मातीतल्या दोन वनस्पती आहेत, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसते.

पहिली सर्पगंधा. दिल्लीत हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्या मुळांवर संशोधन केले. 1931 मध्ये त्यांनी त्यातून वेगळ्या काढलेल्या एका द्रव्याला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' असे नाव दिले. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. पुढे 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून 'रेसरपिन' वेगळे झाले. 1957 मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे निपचित पडले. मग लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हिंडू लागले. कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल मिळाले.

दुसरी खाजकुयली. साताऱ्याच्या डोंगराळ भागात वाढलेल्या कुणालाही तिच्या शेंगांची कुसे सांगायला नकोत! उर्दूत ती 'कौंच'. तिच्या बिया हकीम आणि वैद्य दोघेही पूर्वापार वापरत आले. त्याच बियांमधून 1937 मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी लेव्होडोपा वेगळे केले. ते पार्किन्सन्सवर चालेल, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात नव्हते.

पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असते, हे 1960 मध्ये व्हिएन्नात सिद्ध झाले. लेव्होडोपापासून शरीर डोपामिनच बनवते. सुरुवातीला रुग्णांना उलट्या होत, गुण थोडा वेळ टिके. 1967 मध्ये न्यूयॉर्कचे जॉर्ज कॉटझियास यांनी अगदी कमी मात्रेने सुरुवात करून ती सावकाश वाढवत नेली, तेव्हा उपचार खऱ्या अर्थाने हाती आला. पुढे कार्बिडोपाची जोड मिळाली आणि कमी मात्रेत काम भागू लागले.

म्हणजे हे औषध मुळात मात्रेचे आणि वेळेचे आहे. आजार जुना झाला की एका गोळीचा असर काही तासांतच ओसरतो. गोळी लागू असते तेव्हा माणूस चालतो, बटण लावतो; असर उतरला की पाय जमिनीला चिकटतात. मात्रा जास्त झाली तर अंग आपोआप हलू लागते. डॉक्टरांना हे सारे पंधरा मिनिटांच्या भेटीत दिसत नाही. ते घरात दिसते, आणि बहुतेक वेळा जोडीदाराला दिसते. म्हणून गोळी किती वाजता घेतली, गुण कधी आला, कधी उतरला, याची आठवडाभराची वही सांगली-मिरजेला किंवा पुण्याला डॉक्टरांकडे जाताना सोबत असावी.

गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यावी, कारण मटण, अंडी, डाळ यांतली प्रथिने तिच्या आड येतात. ती एकाएकी बंद करणे धोक्याचे. आणि कौंचाचे चूर्ण 'देशी आहे, काय होतंय' म्हणून परस्पर सुरू करू नये. त्यात तेच लेव्होडोपा आहे, म्हणजे नकळत मात्रा वाढते.

रमजानमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार होतो. सहरी ते इफ्तार तेरा-चौदा तासांचे अंतर, आणि गोळी तर दर तीन-चार तासांनी. रुग्ण म्हणतो, इतकी वर्षे एकही रोजा सोडला नाही. पण आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे (सूरह अल-बकरा, 184-185), आणि ज्याला पुढेही रोजा झेपणार नाही त्याच्यासाठी फिदिया आहे. ती सवलत घेण्यात कमीपणा कसला? डॉक्टर आणि आलिम दोघांशी रमजानच्या आधीच बोलावे. पत्नीने सहरीला एकटीने हुज्जत घालत बसू नये.

मुहम्मद अली यांना 1984 मध्ये पार्किन्सन्सचे निदान झाले. 1996 मध्ये अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत पेटवताना थरथरणारा त्यांचा हात साऱ्या जगाने पाहिला. 1986 पासून 2016 मध्ये त्यांच्या निधनापर्यंत लोनी अली त्यांच्या सोबत होत्या. संशोधकांची नावे ग्रंथांत येतात, पण तीस वर्षे सांभाळ करणाऱ्या बायकांची क्वचितच येतात.

आणि आजार बाईलाच असेल तर? आपल्या घरांत ती आधी सगळ्यांना वाढते, मग स्वतः जेवते आणि गोळी राहून जाते. नवऱ्याच्या गोळीची वेळ बायकोला तोंडपाठ असते. बायकोची वेळ किती नवऱ्यांना सांगता येईल? सर्पगंधा आणि कौंच ओळखणाऱ्या हकिमांचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. तो खरोखर सांभाळायचा असेल, तर मोबाइलवर बायकोच्या गोळीचा गजर नवऱ्याने लावावा, आणि तो वाजला की पाण्याचा पेला घेऊन स्वतः उठावे.